चौकट : जिथे अपडेट पोहोचत नाही

रॉकेट, विमान वा नौकेतल्या उपकरणांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या अभियंत्याचा कस नव्या संगणकभाषांत नव्हे, मर्यादांच्या हिशेबात लागतो. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान-५ रॉकेट उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत नष्ट झालं. आडव्या वेगाशी निगडित ६४ बिटांची संख्या १६ बिटांत बसवली जात होती; तिथे ३२,७६७ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. तोच प्रोग्रॅम एरियान-४ वर बिनबोभाट चालला होता, पण नव्या रॉकेटचा वेग जास्त होता. विमानांतल्या सॉफ्टवेअरसाठीच्या डीओ-१७८सी मानकात तर सर्वांत कडक ‘ए’ पातळीला प्रत्येक अटीचा निर्णयावर होणारा स्वतंत्र परिणाम तपासून दाखवावा लागतो.

‘चूक राहिली तर अपडेट पाठवू’, हा युक्तिवाद मोबाइलपुरता ठीक आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून खोल समुद्रात गेलेल्या नौकेला रेंजच नसते. इस्रोने विकसित केलेले, उपग्रहामार्फत दुतर्फा संदेश देणारे ट्रान्सपाँडर एक लाख मासेमारी नौकांवर बसवण्याची योजना ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये सुरू झाली, ती याच गरजेतून. एवढी काटेकोर तपासणी वेळखाऊ आणि महाग पडते, हे खरंच. पण वादळात अडकलेल्या तांडेलाचा संदेश पहिल्याच खेपेला पोहोचला पाहिजे. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या कोकणातल्या तरुणांनी म्हणूनच कोड लिहिण्याइतकाच तो मोडून पाहण्याचा सराव करावा.