विटाळ परीक्षानळीत सापडत नाही!

जुन्नर तालुक्यातले कुकडीकाठचे बोरी बुद्रुक हे गाव भूगर्भशास्त्राच्या अभ्यासकांना जगभर माहीत आहे. तिथे प्राचीन ज्वालामुखीची राख सापडली, आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली. परंतु आम्हाला आज बोरीच्या राखेविषयी नव्हे, त्या परिसरातल्या शेतमालाविषयी बोलायचे आहे. जुन्नरची द्राक्षे परदेशी जातात, नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो दूरदूरच्या शहरांत पोहोचतो. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाची बाग आधी नोंदवावी लागते, घडांचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि फवारणीचा अंश मर्यादेत असल्याचा दाखला मिळाला तरच माल पुढे सरकतो. २०१० साली क्लोरमेक्वॉट क्लोराईड या एका रसायनाचा अंश जास्त निघाला म्हणून भारतीय द्राक्षे युरोपात अडकली आणि बागायतदारांचे कंबरडे मोडले.

मग आमचा प्रश्न असा, की त्याच बागेत राबणारा मजूर आठवडे बाजारातून आपल्या लेकरांसाठी जी पावशेर द्राक्षे घेतो, त्यांचा नमुना कोण तपासतो? साहेबाच्या ताटाला दाखला आणि मजुराच्या ताटाला नशिबाचा हवाला, हा कुठला न्याय?

अन्न कोणी शिवले हे न पाहता अन्नात काय आहे हे पाहायचे, ही दृष्टी विज्ञानाने दिली. त्या दृष्टीसाठी आयुष्य वेचणाऱ्या एका माणसाची ओळख आमच्या वाचकांना व्हावी म्हणून हा लेखनप्रपंच. हा माणूस इथला नाही. परंतु त्याचे दुःख इथले आहे. त्याचे नाव लॉइड ऑगस्टस हॉल.

हॉल यांचा जन्म २० जून १८९४ रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एल्गिन येथे झाला. म्हणजे बाबासाहेबांपेक्षा ते तीन वर्षांनी लहान. त्यांची आजी गुलामगिरीतून निसटून आलेली. ज्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांना महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, त्या गुलामांचाच हा नातू! नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून त्याने रसायनशास्त्राची पदवी घेतली. वेस्टर्न इलेक्ट्रिक या बड्या कंपनीने दूरध्वनीवर मुलाखत घेऊन त्याला नोकरी दिली. कामावर हजर व्हायला गेला तेव्हा साहेबाने त्याच्या कातडीचा रंग पाहिला आणि काळ्यांना इथे जागा नाही म्हणून दारातूनच परत पाठवले. आवाज चालला, गुण चालले, पदवी चालली, फक्त माणूस चालला नाही!

याच सुमारास, १९१७ साली, कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. तिथे शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून कागद फेकत होते आणि राहायला कोणी जागा देत नव्हते. देश दोन, रोग एकच.

हॉल रडत बसले नाहीत. शिकागो शहराच्या आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत ते रसायनतज्ज्ञ म्हणून लागले. शिकागो हे तेव्हा अमेरिकेतल्या मांसधंद्याचे मोठे केंद्र होते. १९१९ साली त्यांनी मायरीन न्यूसम या शिक्षिकेशी विवाह केला आणि दोन मुलांचा संसार उभा केला. १९२५ साली ग्रिफिथ लॅबोरेटरीज या संस्थेत ते मुख्य रसायनतज्ज्ञ झाले आणि १९५९ साली निवृत्त होईपर्यंत, तब्बल ३४ वर्षे, तिथेच राबले. सकाळी प्रयोगशाळा, संध्याकाळी घर. अशा आयुष्यांवर कोणी पोवाडे रचत नाही. परंतु समाज उभा राहतो तो अशाच माणसांच्या खांद्यावर, हे चळवळीने विसरू नये.

हॉल यांनी केले तरी काय? मांस टिकवण्याच्या मिठाला हवेतला ओलावा लागून गुठळ्या होत, त्यावर त्यांनी उपाय काढला. तेल-तूप खवट होऊ नये म्हणून कोणती द्रव्ये उपयोगी पडतात याचा शोध घेतला. त्यांचे सर्वांत गाजलेले काम मसाल्यांवरचे आहे. मांस टिकावे म्हणून ज्या मसाल्यात ते घोळवत, त्या मसाल्यातच जंतू आणि बुरशी असते हे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे राखणदारच चोर! तापवावे तर मसाल्याचा वास आणि रंग जातो. तेव्हा त्यांनी निर्वात पेटीत इथिलिन ऑक्साइड वायू सोडून जंतू मारण्याची पद्धत १९३० च्या दशकात बसवली. पुढे हीच पद्धत दवाखान्यातली उपकरणे निर्जंतुक करायलाही वापरली गेली. त्यांच्या नावावर अमेरिकेची ५९ पेटंट आहेत. ज्यांनी त्यांना दारातून हाकलले, त्यांच्याही ताटात त्यांच्याच हाताने शुद्ध केलेले अन्न गेले असेल. निवृत्तीनंतर राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेसाठी ते इंडोनेशियात सल्लागार म्हणून गेले. २ जानेवारी १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

आता कोणी विचारील, की त्यांचे शोध आजही जसेच्या तसे मान्य आहेत काय? नाहीत! इथिलिन ऑक्साइडने कर्करोग होतो हे पुढे सिद्ध झाले, युरोपने अन्नात त्यावर बंदी घातली, आणि २०२४ साली हाँगकाँग व सिंगापूरने याच रसायनावरून काही भारतीय मसाले बाजारातून मागे घ्यायला लावले. याने हॉल लहान होत नाहीत. कालचे उत्तर आज पुन्हा तपासायचे, चुकले तर सोडून द्यायचे, हीच तर विज्ञानाची रीत. परंपरेने आले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते ते हेच.

याउलट मनुस्मृतीने कोणाच्या हातचे खाऊ नये याची यादी केली आणि ती शतकानुशतके कोणी तपासली नाही. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी १९२७ साली आपल्या बांधवांनी प्राशन केले, तेव्हा तळे बाटले म्हणून सनातन्यांनी त्यात १०८ घागरी पंचगव्य ओतले. शेण आणि गोमूत्र पिण्याच्या पाण्यात! एखाद्या हॉलने त्या पाण्याचा नमुना घेतला असता, तर घाण कोणी केली याचा निकाल परीक्षानळीनेच दिला असता.

ती मनोवृत्ती अजून मेलेली नाही. उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यातल्या सूखीढांग येथे २०२१ साली दलित भोजनमातेच्या हातचे अन्न सवर्ण मुलांनी नाकारले आणि त्या माउलीची नोकरी गेली. आणि बिहारच्या गंडामन गावात १६ जुलै २०१३ रोजी शाळेतले जेवण जेवून २३ मुले दगावली, ती कोणाच्या स्पर्शाने नव्हे, जेवणात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक गेल्याने. विष डब्यात होते आणि समाज विटाळ शोधत बसला आहे हातात!

म्हणून आमचे सांगणे आहे, की अन्नसुरक्षा हा सामाजिक न्यायाचा प्रश्न माना. २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याच्या कलम ४० नुसार सामान्य ग्राहकही फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो आणि दोष निघाल्यास फी परत मिळते. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे? ग्रामसभेत, महिला मंडळात, विहारातल्या बैठकीत हे कलम वाचून दाखवा. आश्रमशाळेच्या, वसतिगृहाच्या कोठीतले धान्य, तेल, मसाला यांची तपासणी मागा. रसायनशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना सांगा, की अन्नसुरक्षा अधिकारी, अन्न विश्लेषक ही पदेही आपलीच आहेत.

जुन्नरच्या लेण्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याचा शिलालेख आहे. विषाचा व्यापार करू नये, ही तथागतांची शिकवण. धान्य विकणाऱ्यांनी तहानलेल्यांसाठी पाणी खोदले, ही त्या मातीची परंपरा आहे. त्या मातीतल्या कष्टकऱ्याला आपल्या लेकराच्या ताटातले अन्न निर्धोक असल्याचा दाखला मिळेल तेव्हाच, दारातून परत पाठवलेल्या त्या कृष्णवर्णीय संशोधकाला आपण खऱ्या अर्थाने अभिवादन केले असे होईल. जयभीम!