मुलाखत, दप्तर आणि रुजवात

पीएच.डी.साठी महाराष्ट्रातून दिल्लीत येणाऱ्या विद्यार्थ्यांशी गेल्या काही वर्षांत जे बोलणे होत आले आहे, त्यावरून ध्यानी आले ते असे, की गुणात्मक पद्धतीची निवड त्यांपैकी पुष्कळांनी प्रश्नाचा विचार करून केलेली नसते. गणिताची धास्ती वाटते म्हणून, अथवा पाचशे प्रश्नावल्या भरून घेण्याइतकी सवड आणि पैसा नाही म्हणून केलेली असते. चार माणसांना भेटावे, त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे, त्यातील ठसठशीत वाक्ये उचलून प्रकरणांत पेरावीत, की प्रबंध सिद्ध झाला, असा या मंडळींचा समज. आणि संख्याशास्त्राचे अभिमानी पंडित असल्या प्रबंधाला गप्पांची वही म्हणून हिणवतात, तेव्हा त्यांच्याही मनात गुणात्मक संशोधनाची मूर्ती हीच असते.

वस्तुतः पद्धत ठरते ती प्रश्नावरून. अमुक गोष्ट किती घरांत घडली, हे विचारायचे असेल तर मोजणीला पर्याय नाही, आणि तिथे वीस मुलाखती घेऊन निष्कर्ष काढणे हा शुद्ध आळस होय. पण ती गोष्ट कशी घडली, घडताना माणसांनी तिचा काय अर्थ लावला, नियमातून वाट कशी काढली, हे विचारायचे असेल तर हजार प्रश्नावल्याही मुक्याच राहतात. याचा उत्तम दाखला दिल्लीतच आहे.

यमुनेच्या पूर्वेस, शाहदऱ्याच्या बाजूला ‘वेलकम’ नावाची पुनर्वसित वसाहत आहे. शहरातील झोपड्या पाडून हलविलेली कुटुंबे जिथे आणून वसविली, अशा वसाहतींपैकी ही एक. एमा टार्लो या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ विदुषीने तिथे काम केले आणि 2003 साली ‘अनसेटलिंग मेमरीज’ हा दिल्लीतील आणीबाणीच्या आठवणींवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. तिच्या हाती महापालिकेच्या झोपडपट्टी खात्याचे तेथील दप्तर लागले. त्या मिसली चाळता चाळता असे दिसून आले, की 1975 ते 1977 या काळात राहत्या जागेचा हक्क नसबंदीच्या दाखल्याशी बांधला गेला होता. मात्र तो दाखला स्वतःच्याच शस्त्रक्रियेचा असला पाहिजे असे नव्हते, दुसऱ्या कोणाला शस्त्रक्रियेस ‘प्रेरित’ केल्याचा दाखलाही चालत होता.

आता केवळ कागद वाचणारा मनुष्य एवढेच लिहील, की इतक्यांनी स्वतः शस्त्रक्रिया करून घेतली व इतक्यांनी इतरांना प्रेरणा दिली. परंतु त्या ‘प्रेरणे’चा अर्थ कागदात नव्हता, तो वसाहतीतल्या माणसांच्या तोंडी होता. ज्याच्यापाशी थोडाफार पैसा होता त्याने आपल्याहून गरीब माणसाला पैसे देऊन शस्त्रक्रियेला उभे केले होते, आणि अशा रीतीने, ज्यांच्यावर जुलूम होत होता तेच त्या जुलमाच्या व्यवहारात वाटेकरी झाले होते. उलटपक्षी, नुसत्या मुलाखतींवर विसंबून हेच कोणी लिहिले असते, तर ती ऐकीव बातमी म्हणून झटकून टाकणे सोपे गेले असते. शासकीय कागद म्हणजे वस्तुस्थिती आणि माणसाचे बोलणे म्हणजे मत, हा जो गैरसमज शिकल्यासवरल्या लोकांतही घट्ट बसला आहे, त्याला याहून चोख उत्तर मला ठाऊक नाही. कागदही कोणीतरी, कोणत्यातरी हेतूने लिहिलेला असतो; म्हणून जबानीची रुजवात कागदाशी आणि कागदाची रुजवात जबानीशी घालावी लागते.

दुसरा आक्षेप नमुन्याच्या आकाराचा. ‘पंधरा माणसांवरून साऱ्या शहराविषयी काय सांगणार?’ हा प्रश्न नेहमीचा आहे आणि त्याचे प्रांजळ उत्तर, साऱ्या शहराविषयी टक्केवारी सांगता येणार नाही, हेच आहे. ती सांगण्याचा दावाच नसतो. आपल्याकडे वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की पाटील, बलुतेदार आणि जाणती वडीलधारी माणसे यांच्या साक्षी होऊन महजर होई, त्यावर कोणी नांगराची तर कोणी आपल्या हत्याराची निशाणी करी. त्या वेळी गावातून चिठ्ठ्या टाकून साक्षीदार कोणी निवडले नाहीत. ज्याला त्या वहिवाटीची माहिती असण्याचा संभव, त्यालाच बोलावले. गुणात्मक संशोधनातील हेतुपूर्वक निवड याच जातीची आहे, आणि ती का केली याची कैफियत संशोधकाने लिहून ठेवली पाहिजे, ही तिची अट आहे.

मग आकडा कोणता धरावा? अलीकडे विद्यार्थ्यांत ‘बारा’ हा एक मंत्रच झाला आहे. त्याचे मूळ 2006 साली गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांनी प्रसिद्ध केलेल्या एका लेखात आहे. घाना आणि नायजेरियातील स्त्रियांच्या 60 मुलाखती तपासताना पहिल्या 12 मुलाखतींनंतर नवे मुद्दे फारसे निघाले नाहीत, असे त्यांना आढळले. परंतु त्या स्त्रियांची परिस्थिती बरीचशी सारखी होती आणि प्रश्नही सर्वांना सारखेच विचारले होते, हे सांगायला उद्धृत करणारे विसरतात. गुरुग्रामच्या इमारतींत घरकाम करणाऱ्या बायकांचा अभ्यास करायचा, तर त्यांत बंगालमधून आलेल्या, उत्तर प्रदेशातून आलेल्या, मालकांच्याच घरी राहणाऱ्या आणि दिवसाला पाच घरे करणाऱ्या अशा तऱ्हा निघतील. तिथे बाराव्या मुलाखतीला थांबणे म्हणजे पंचांगात मुहूर्त पाहून विहीर खणणे थांबविण्यासारखे होईल, मग पाणी लागलेले असो वा नसो.

तिसरा समज स्मरणशक्तीविषयीचा, आणि तो एका थोर माणसाच्या दुर्दैवावर पोसला आहे. मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्यांचे मुंबईतील विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास यांनी 1959 साली दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये समाजशास्त्राचा विभाग उभा केला. 1948 साली म्हैसूरकडील रामपुरा गावी प्रदीर्घ मुक्काम करून त्यांनी जी टिपणे केली होती, त्यांवर संस्कार करून सिद्ध केलेल्या तिन्ही प्रती 1970 मध्ये स्टॅनफर्ड येथे लागलेल्या आगीत जळाल्या, आणि पुढे 1976 साली त्यांनी ‘द रिमेंबर्ड व्हिलेज’ मुख्यतः स्मरणातून लिहिले. यावरून टिपणांवाचूनही चालते असे अनुमान काढणारे हे विसरतात, की ते स्मरण वर्षानुवर्षे त्याच टिपणांवर घासूनपुसून लख्ख झालेले होते. ज्याने टिपणे केलीच नाहीत, त्याच्यापाशी जळण्याजोगेही काही नसते.

मोजणारे आणि ऐकणारे यांचे वैर तर मला कधीच उमगले नाही. इरावती कर्व्यांनी बर्लिनला कवट्या मोजून पदवी मिळविली, आणि 1953 सालच्या नातेसंबंधावरील आपल्या ग्रंथात नात्यांची नावे, ओव्या आणि जुने संस्कृत ग्रंथ एकत्र ठेवून विचार केला. पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी करणारे धनंजयराव गाडगीळ हेच 1969 मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेचे पहिले अध्यक्ष. साधन बदलले म्हणून या माणसांची बुद्धी बाटली नाही.

संगणकावरील आज्ञाप्रणाली मजकुराचे विश्लेषण करून देते, हाही एक नवा भ्रम. ती उतारे लावून ठेवते, शोधून देते. कोणत्या उताऱ्याला कोणते नाव द्यावयाचे, ते तिला कळत नाही. तसेच, माहिती देणाऱ्याचे नाव बदलले की गुप्तता राखली गेली, असेही नाही. गल्लीतल्या एकुलत्या एका शिंप्याचे नाव काहीही ठेवले, तरी गल्ली त्याला ओळखतेच.

आणि भाषांतर. वेलकममधील माणसे त्या काळाला ‘नसबंदी का वक़्त’ म्हणतात. मराठी संशोधकाने टिपणात तिथे ‘आणीबाणी’ असे लिहून टाकले, की राजपथावरचे राजकारण शिल्लक राहते आणि वसाहतीने त्या काळाला दिलेले नाव पुसले जाते. म्हणून वहीच्या डाव्या रकान्यात बोललेला शब्द जसाच्या तसा, आणि तर्जुमा उजवीकडे.