डोंबिवलीचं जुनं नाव मिळालेली १७ अंकी संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१

ही संख्या डावीकडून वाचा किंवा उजवीकडून, सारखीच येते. नऊ वेळा एक लिहा (१११११११११) आणि त्या संख्येला तिनेच गुणा, की ती मिळते. दिसायला चमत्कार, पण कारण शाळेतल्या गुणाकारातच आहे.

हे होतं कसं?

१११ × १११ हा उभा गुणाकार मांडा. १११ च्या तीन ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. रकान्यांची बेरीज १, २, ३, २, १. म्हणून उत्तर १२३२१. नऊ एक घेतले तर मधल्या रकान्याची बेरीज ९ होते आणि हातचा येत नाही. दहा एक घेतले की मधली बेरीज १० होते, हातचा येतो आणि नक्षी मोडते. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. यात ८ एकदाच उरला!

नाव कोणी दिलं?

द. रा. कापरेकर यांनी. १९०५ मध्ये डहाणूत जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ या काळात नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिक्षक होते. १२१, १२३२१ अशा संख्यांना त्यांनी 'डेम्लो संख्या' म्हटलं. डेम्लो हे तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवरचं स्टेशन, म्हणजे आजचं डोंबिवली. या संख्यांची कल्पना त्यांना तिथे सुचली होती. पुढे १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये कापरेकरांविषयी लिहिलं आणि त्यांचं नाव जगभर पोहोचलं.

आणखी काय दडलंय?

संख्येचे दोन भाग करा: १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. बेरीज येते ९९९९९९९९९.

आता सगळ्या अंकांची बेरीज करा. ती ८१. या ८१ ने मूळ संख्येला निःशेष भाग जातो. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, असं नाव दिलं. कारण सोपं आहे. १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणून तिला ९ ने भाग जातो आणि तिच्या वर्गाला ८१ ने.

पण प्रत्येक डेम्लो संख्या हर्षद नसते. १२१ च्या अंकांची बेरीज ४, आणि १२१ ला ४ ने भाग जात नाही. एकपासून नऊपर्यंत फक्त १, ३ आणि ९ एक घेतले तरच हे जमतं.

पडताळताना एक काळजी

एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपतं. ही संख्या तिथे टाकली तर शेवटच्या २१ ऐवजी ०० दिसतात आणि त्या बदललेल्या संख्येला ८१ ने निःशेष भाग जात नाही. इथे कागद-पेन्सिलच खरी. कापरेकरांचीही बरीचशी गणितं तशीच झाली.