बस कितीची आली?

ऑफिस सुटलंय. स्टॉपवर एकापाठोपाठ तीन बस येऊन थांबल्यात. तुम्ही काय करता? मान उंचावून नंबर बघता, 'आपली' बस हेरता आणि धूम ठोकता. पाच सेकंदांचा मामला! आता हेच डोळे मिटून करायचंय, असं समजा. शेजारच्याला विचाराल? तो हेडफोन लावून उभा. त्याने ऐकून, बघून, सांगेपर्यंत बस गेलेली असते.

दिसत नाही, पण रोज नोकरीवर जायचंय, अशा कित्येकांचा हा दिवसातून दोनदा होणारा पेपर. टेक्नॉलॉजीने तो बराच सोपा केलाय. पण पूर्ण नाही.

फोन बोलू लागला

२००९ मध्ये आयफोनवर व्हॉइसओव्हर आलं आणि अँड्रॉइडवर टॉकबॅक. स्क्रीनवर बोट फिरवा, तिथे काय आहे ते फोन वाचून दाखवणार. मग मॅपही बोलका झाला. २०१९ मध्ये गूगल मॅप्सने पायी चालणाऱ्यांसाठी सविस्तर व्हॉइस गायडन्स आणला. वळण किती लांब आहे, आपण बरोबर रस्त्यावर आहोत ना, पुढे मोठा चौक आहे का, सगळं कानात! सुरुवात मात्र अमेरिकेत इंग्रजीत आणि जपानमध्ये जपानीत झाली.

घोडं अडतं कुठे?

शेवटच्या पाच मीटरवर! मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतं. उंच बिल्डिंगांमध्ये ते आणखी गडबडतं आणि जमिनीखाली तर बंदच. आपल्यासाठी ५ मीटर म्हणजे किरकोळ फरक. अंध प्रवाशासाठी तेवढ्यात फुटपाथ संपून ट्रॅफिक सुरू होतं.

म्हणून लंडनमध्ये 'वेफाइंडर'च्या टीमने पिम्लिको या भुयारी स्टेशनात छोटे ब्लूटूथ बीकन लावून बघितले. बीकनचा सिग्नल पकडून फोन जिना कुठे, सरकता जिना कुठे, ते सांगतो. या कामातून २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय स्टँडर्डही तयार झालं.

आपला देशी उपाय

बसच्या नंबरावर उत्तर शोधलं आयआयटी दिल्लीत, प्रा. एम. बालकृष्णन यांच्या टीमने. नाव 'ऑनबोर्ड'. प्रवाशाच्या हातात छोटं यंत्र, बसमध्ये दुसरं. बटण दाबलं की जवळच्या बस रेडिओ सिग्नलने आपापला नंबर कळवतात आणि हातातलं यंत्र ते बोलून दाखवतं. हवी ती बस निवडली, की तिच्या दाराजवळचा स्पीकर वाजतो. आवाजाच्या दिशेने जा आणि चढा! दिल्लीत आणि मुंबईत 'बेस्ट'च्या बसवर त्याच्या चाचण्याही झाल्या.

मेख एकच. हातातलं यंत्र कितीही स्मार्ट असो, समोरच्या बसमध्ये जोडीदार यंत्र नसेल तर ते मुकं! म्हणजे गॅजेट विकत घेऊन काम भागत नाही. सोय बसमध्ये आणि स्टेशनवरच हवी. मुंबईच्या लोकल स्टेशनांवर दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो तिथे बीप-बीप वाजतं ना, तसं. ना ॲप, ना चार्जिंग!

तोपर्यंत तुमचा रोल काय? स्टॉपवर पांढरी काठी दिसली, तर आलेल्या बसचा नंबर मोठ्याने सांगा. मदत हवी का, ते आधी विचारा. हात धरून ओढू नका, आपलं कोपर त्यांना धरू द्या. आणि हो, कुठली बस पकडायची ते त्यांना पक्कं ठाऊक असतं!