रॅमची पट्टी आणि स्वेटरची ठिणगी

थंडीच्या रात्री अंधारात नायलॉनचा स्वेटर काढून पाहा. चटचट आवाज येतो, क्वचित ठिणगीही दिसते. जालना जिल्ह्यात पावसाळा सरला की हवा कोरडी होते, त्यामुळे हा अनुभव तुमच्या ओळखीचा असेल. शाळेतील जुन्या संगणकाची मेमरी वाढवताना हीच ठिणगी घात करू शकते. कशी, ते पाहू.

मुळात मेमरी वाढवायची कशासाठी? मोंढ्यातील एखादे दुकान डोळ्यांपुढे आणा. समोरची जागा अपुरी असेल तर प्रत्येक गिऱ्हाइकासाठी हमालाला गोदामात धाडावे लागते. रॅम ही संगणकाची समोरची जागा, तर हार्ड डिस्क हे गोदाम. रॅममधून माहिती मिळण्यास सेकंदाचा सुमारे एक कोटीवा भाग लागतो. फिरत्या डिस्कला सुमारे शंभरावा. फरक लाखपटीचा! रॅम कमी पडली की संगणक सारखा डिस्ककडे धावतो आणि रेंगाळतो.

रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तीत एक ट्रान्झिस्टर व एक धारित्र मिळून एक अंक साठवतात. धारित्रात विद्युतभार असला तर १, नसला तर ०. हा भार गळत असल्याने तो दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो.

इतक्या सूक्ष्म भागांना आपल्या अंगावरील स्थिर विद्युत सोसत नाही. आपल्याला झटका जाणवतो तो साधारण ३,००० व्होल्टला. चिप मात्र काहीशे व्होल्टलाही निकामी होऊ शकते. झटका बसला नाही, म्हणजे धोका टळला असे नव्हे!

आता कृती. शिक्षकांसमोरच करा.

१. जुन्या पट्टीवरील प्रकार वाचा. डीडीआर२, डीडीआर३, डीडीआर४ यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. मदरबोर्ड किती मेमरी घेतो, तेही पाहा.

२. संगणक बंद करून वायर काढा. वीजपुरवठ्याची पेटी उघडू नका.

३. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा. अंगावरील भार निघून जाईल.

४. पट्टी कडांनी धरा, खाच जुळवा आणि दोन्ही टोके सारखी दाबा. ‘टक्’ आवाज आला की ती बसली.

५. संगणक सुरू करून मेमरीचा आकडा पाहा. वाढला नसेल, तर पुन्हा बंद करून पट्टी नीट बसवा.

जालन्याच्या कारखान्यांत भंगार वितळवून पोलादाच्या सळया करतात. पण एका पट्टीने चालणारा संगणक भंगारात कशाला धाडायचा?