घराच्या जागेचे मोल

म्हैसूर जिल्ह्यात तिरुमकुडलु नरसीपूर येथे कपिला नदी कावेरीस मिळते. त्याच तालुक्यात सोसले हे गाव आहे. माध्व संप्रदायातील व्यासराज मठाची एक शाखा याच गावाच्या नावाने ओळखली जाते. त्यामुळे काही मराठी घराण्यांच्याही कानांवरून हे नाव गेलेले असते. सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावरील पुण्याचा एखादा गृहस्थ अशा गावातील जागेचा भाव ऐकतो आणि मनाशी हिशोब मांडतो, की पुण्यात दोन खोल्यांना जे पैसे पडतील त्यांत येथे अंगणासह घर उभे राहील. हा हिशोब चुकीचा नाही, पण अपुरा आहे.

जमिनीच्या भावात एवढी तफावत का पडते? रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाने १८१७ साली जमिनीच्या खंडाची उपपत्ती मांडली, ती मुख्यतः मातीच्या कसावर आधारलेली होती. पुढे १८२६ साली फॉन थ्यूनेन या जर्मन जमीनदाराने बाजारपेठेपासूनच्या अंतराला महत्त्व दिले. घर बांधणाऱ्याच्या दृष्टीने दुसरा विचार अधिक उपयोगाचा ठरतो, कारण घराला मातीचा कस लागत नाही. किंबहुना उत्तम शेतजमीन ही पुष्कळदा वाईट पायाजमीन असते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात पाया खोल न्यावा लागतो आणि स्वस्त जागेत वाचलेला पैसा जोत्यातच गडप होतो. मुरमाड माळाला शेतकरी नाक मुरडतो; गवंडी मात्र तेथे खूश असतो.

म्हैसुराकडे भूखंडास ‘साइट’ म्हणतात आणि कागदोपत्री ‘निवेशन’. तीस फूट रुंद व चाळीस फूट लांब, म्हणजे बाराशे चौरस फुटांची साइट हे तेथील नेहमीचे माप. एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. रस्ते, उद्यान व सार्वजनिक सोयी यांसाठी निम्मी जमीन सोडली असे धरले, तर एकरातून अशा अठराच साइट निघतात. म्हणजे रस्त्यावर खडी पडण्यापूर्वीच विकाऊ जमिनीचा दर दुप्पट झालेला असतो. त्यावर गटारे, नळ, वीज आणि मंजुरीसाठी गेलेल्या काळाचे व्याज चढते. शेताच्या भावाशी साइटच्या भावाची तुलना करून विक्रेत्यास लुटारू ठरविणे म्हणूनच न्याय्य नव्हे. उलट साइट जवळजवळ शेताच्याच भावाने मिळत असेल, तर यांपैकी कोणती गोष्ट झालेली नाही, हे विचारणे अवश्य आहे.

बहुधा झालेली नसते ती परवानगी. शेतकरी नसलेल्याने शेतजमीन घेण्यावर कर्नाटकात असलेली बंदी २०२० साली कायद्यातील दुरुस्तीने उठली. महाराष्ट्रात १९४८ च्या कूळकायद्याचे कलम ६३ अशा खरेदीस अटकाव करते; हिमाचल प्रदेशात १९७२ च्या कायद्याचे कलम ११८ त्याहून कडक आहे. खरीददार जेथे मोजके, तेथे भावही आवरलेला राहतो. परंतु सोसल्याजवळ शेत विकत घेता आले, म्हणून त्यावर घर बांधता येते असे नाही. त्यासाठी १९६४ च्या कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ अन्वये ती जमीन बिनशेती व्हावी लागते. आपल्याकडील सातबाऱ्याच्या जागी तेथे ‘पहाणी’ असते. पहाणीवर भात दिसत असताना विक्रेत्याने रंगीत नकाशावर आखलेले भूखंड हे केवळ रेघा होत. आयुष्याची पुंजी अशा रेघांत अडकली, म्हणजे घरही होत नाही आणि शेतीही होत नाही.

प्लेगच्या साथीनंतर मुंबईत १८९८ साली आणि म्हैसुरात १९०३ साली नगरसुधार मंडळे स्थापन झाली. त्यांनी आधी रस्ते व गटारे आखून मग भूखंड दिले. अशा वसाहतींतील चढ्या भावात त्या पूर्वतयारीचाही वाटा असतो. नवी मुंबईत सिडकोने भूखंड भाडेपट्ट्याने दिले. तेथे किंमत पडते ती पट्ट्याच्या हक्काची. दोन गावांचे आकडे शेजारी मांडताना हा भेद सहसा कोणी सांगत नाही.

मापांचाही घोटाळा होतो. गुंठा महाराष्ट्रात व कर्नाटकात सारखाच, १,०८९ चौरस फुटांचा. पण बंगालचा कठ्ठा ७२० चौरस फुटांचा आणि बिहारात तो जिल्ह्यागणिक बदलतो. कर्नाटकातील मार्गदर्शक मूल्य किंवा महाराष्ट्रातील रेडी रेकनर यांचे प्रयोजन मुद्रांक शुल्क ठरविणे हे आहे. प्रत्यक्ष सौदा त्याहून वर वा खाली होऊ शकतो.

राहिला पाण्याचा प्रश्न. सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेचा पूर पाहिला. महाराष्ट्रात नद्यांच्या काठी निळ्या व लाल पूररेषा आखल्या जातात, त्यांच्या आत बांधकामावर निर्बंध येतात आणि जमिनीचा भावही त्यामुळे उतरतो. कावेरी व कपिला यांच्या संगमाच्या परिसरात जागा पाहणाऱ्याने वैशाखात जाऊन परतू नये. आषाढ-श्रावणात, वरची धरणे भरून पाणी सुटते तेव्हा, पुन्हा एकदा जावे आणि जुन्या घरांच्या भिंतींवर ओल कुठवर चढली होती, हे तेथील वृद्धांना विचारावे.