पडद्यावरची पेठ आणि आठवडे बाजार

खानदेशातील शेतमालाच्या व्यापाराचे स्वरूप अलीकडे पुष्कळ पालटले आहे. १४ एप्रिल २०१६ रोजी केंद्र शासनाने ‘ई-नाम’ ही ऑनलाइन कृषी बाजारव्यवस्था सुरू केली. त्याच वर्षी महाराष्ट्रात फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त झाला आणि जळगावच्या केळीस व भरीताच्या वांग्यास भौगोलिक मानांकन लाभले. वनौषधींसाठी राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ व सी-डॅक यांनी ‘ई-चरक’ हे स्वतंत्र व्यासपीठ उभारले. शेतकऱ्यास दूरचा खरेदीदार मिळावा, हा त्यामागील हेतू स्वागतार्हच होय. चार ठिकाणचे दर कळले, की व्यापाऱ्यासमोर त्याचा शब्द वजनदार ठरतो.

तथापि वैद्यवर्गाने या बदलाकडे आणखी एका दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे. गुराखी, मेंढपाळ व इतर वनवासी औषधींना नामरूपाने ओळखतात, परंतु केवळ नामरूपाने औषधीचे संपूर्ण ज्ञान होत नाही, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. पडद्यावर तर नाव आणि छायाचित्र एवढेच हाती येते. रस, गंध, स्पर्श यांची परीक्षा तेथे होत नाही. सोललेली शतावरीची मुळे सफेद मुसळी म्हणून विकली जातात, हा भेसळीचा प्रकार आपणांस परिचित आहे. छायाचित्रावरून तो उघडकीस येणे कठीण.

शिवाय गुळवेल, कुडा, अडुळसा, कोहळा, शतावरी, अश्वगंधा आदी द्रव्ये सदैव ओलीच वापरावीत, असा शार्ङ्गधरांचा दंडक आहे. दूरवरून टपालाने येणारे द्रव्य बहुधा वाळलेलेच असते. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर हे तालुके सातपुड्याच्या पायथ्याशी आहेत. तेथील आठवडे बाजारात मुळी मोडून, चाखून पाहता येते. ती कोठली व केव्हा खणली, हे विक्रेत्यास विचारता येते. गिऱ्हाईक फिरकेनासे झाले, तर तो विक्रेताही येईनासा होईल आणि त्याच्यासोबत त्याची जाणकारीही लोपेल.

म्हणून आम्ही सुचवितो, की हिरडा, पिंपळी यांसारखी शुष्क द्रव्ये नमुना तपासून ऑनलाइन घेण्यास हरकत नाही. आर्द्र द्रव्ये मात्र जवळच्या शेतकऱ्याकडूनच घ्यावीत. एका तालुक्यातील वैद्यांनी आपली वर्षाची गरज एकत्र मांडून ती लागवडीपूर्वीच त्यास कळविली, तर त्याला खात्रीचे गिऱ्हाईक मिळेल आणि रुग्णास खात्रीचे औषध.